दोन रेघा

रात्री पावणेदोनला स्क्रीनवर मायक्रोट्यूब्यूलच्या दोन समांतर रेघा उमटल्या आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. पेशीतली ही नळी आतून पोकळ, जाडी जेमतेम २५ नॅनोमीटर. रंग लावलेल्या अँटीबॉडी तिला बाहेरून चिकटतात, त्यामुळे मायक्रोस्कोप खरोखर चांगला असेल तर दोन्ही कडा सुट्या दिसतात. सात महिने एकेक स्क्रू पिळून उभा केलेला माझा मायक्रोस्कोप, आणि त्याने हे दाखवावं! सरांना तेव्हाच मेल टाकली. तीन उद्गारचिन्हं होती तीत.

अ‍ॅबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८७३ मध्येच मायक्रोस्कोपला मर्यादा घालून ठेवली आहे. सॅम्पलजवळच्या माझ्या भिंगाला (एनए, म्हणजे प्रकाश गोळा करायची क्षमता, १.४९) लाल प्रकाशात सव्वादोनशे नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही. त्यावर तोड अशी: ६४० नॅनोमीटरचा लाल लेसर जोरात मारून बहुतेक सगळे रंगरेणू झोपवायचे. मग त्यातला एखादाच मधूनच चमकून विझतो, त्याच्या धूसर ठिपक्याचा मध्य काढायचा. अशा वीस हजार फ्रेम, दहा मिनिटं, आणि सगळे मध्य मिळून चित्र.

सकाळी सरांचं एका ओळीचं उत्तर: ‘उभ्या नळ्या पाहिल्यास का?’

पाहिल्या. आडव्या नळ्या सगळ्या दुहेरी, उभ्या सगळ्या एकेरी. पोकळ नळी काय दिशा बघून पोकळ होते? पहिल्या नऊ हजार फ्रेम वेगळ्या काढल्या: रेघ एकच. शेवटच्या नऊ हजार: तीच रेघ, चाळीस नॅनोमीटर वर. मधल्या मिनिटभरात एसी सुरू झाला होता आणि त्याचा झोत थेट सॅम्पल ठेवायच्या स्टेजवर.

मग कागदावर हिशोब मांडला, जो सात महिन्यांपूर्वी मांडायला हवा होता. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम अंशामागे २३ मायक्रोमीटर वाढतं. सॅम्पल धरणारा माझा दांडा दहा सेंटीमीटरचा. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाला २३ नॅनोमीटर, जवळपास एक अख्खी नळी! लेसर आणि कॅमेरा निवडताना मी आठवडे घालवले. हा दांडा मात्र कपाटात पडून होता म्हणून लावला होता.

आता दांडा आखूड केलाय, भोवती पुठ्ठ्याचं खोकं आहे (दिसायला भयानक), आणि काचेवर सोन्याचे कण चिकटवलेत. ते विझत नाहीत, त्यामुळे सॅम्पल किती सरकलं ते प्रत्येक फ्रेममधून वजा करता येतं. परवाच्या चित्रात उभ्या-आडव्या सगळ्या नळ्या एकेरी आल्या, अँटीबॉडींसकट पन्नासेक नॅनोमीटर जाड. सरांना पाठवलं. उद्गारचिन्ह एकही नाही.