करांद्याच्या पानाखाली

आज आंबोलीत वॉटर स्नो फ्लॅट हे फुलपाखरू अगदी मनसोक्त बघायला मिळालं! एरवी हे स्किपर, म्हणजे झपझप उडणाऱ्या फुलपाखरांपैकी एक, डोळ्यांसमोरून सुर्रकन जातं आणि झाडीत गडप होतं. जातं कुठे, तर पानाच्या खाली. तिथे चारही पंख सपाट पसरून उलटं चिकटून बसतं, म्हणून वाकून, मान वर करूनच शोधावं लागतं.

अंग काळपट तपकिरी, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली. मागच्या पंखांचा खालचा भाग मात्र पांढराशुभ्र आणि त्याच्या काठाला काळे ठिपके. ओळखायला मी आधी हे ठिपकेच बघते.

शेजारीच करांद्याचा वेल होता. या फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पानं खातात. एका पानाची कड कुरतडून, तेवढाच तुकडा वर दुमडून रेशमाने टाचलेला. आत अळी! कसलं नेटकं काम, बराच वेळ हललेच नाही तिथून.

पावसाळ्यात आंबोलीला याल तेव्हा ब्लू मॉरमॉन फुलपाखरू बघालच, ते मोठं आहे, आपोआप दिसतं. पण करांद्याच्या पानांखालीही जरूर डोकवा. फक्त दुमडलेलं पान उलगडू नका, आत कुणीतरी राहत असतं.