खापर

माघ वद्य नवमीला पहाटे यावल तालुक्यातल्या आमच्या गावातून दिंडी निघाली, तेव्हा केळीच्या बागांवर धुके उतरले होते आणि विणेकऱ्यामागे आम्ही दीडशेच्या आसपास माणसे चालत होतो. महाशिवरात्रीच्या यात्रेला मुक्ताईकडे पायी जाण्याची रीत आमच्या घरात आजोबांपासून आहे. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी कोथळीहून ज्येष्ठातच निघते आणि महिन्याहून अधिक चालून पंढरपूरला पोहोचते. पण मृगबागेच्या लागवडीचे दिवस तेच असल्यामुळे आमच्यासारख्या बागायतदारांना ती वारी सहसा घडत नाही. म्हणून तापी ओलांडून, भुसावळ आणि वरणगाव करत कोथळीला जाणारी ही तीन दिवसांची वाट आम्ही मनापासून जपतो. माझे हे अकरावे वर्ष होते. दशमीच्या दुपारची पंगत यंदा माझ्याकडे होती आणि तिच्यासाठी मी एकवीस हजार रुपये दिले होते.

अभंग संपला आणि टाळ खांद्याला अडकवले, की दिंडीत गप्पा सुरू होतात. गेल्या अकरा वर्षांत त्या गप्पांचे विषय फारसे बदललेले नाहीत. रावेरला आज केळीचा भाव काय निघाला, बऱ्हाणपूरला काय निघाला, कोणाची बाग कोणत्या व्यापाऱ्याने कापली, सोने कुठवर जाणार, यातच मैलामागून मैल सरतात. भुसावळच्या पुढे आम्ही ज्या महामार्गाच्या कडेने चालतो तो पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा रस्ता. त्याचे चौपदरीकरण झाले तेव्हा जमिनींचे मोबदले आले आणि त्या मोबदल्यांवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले. माझ्यापुढे चालणाऱ्या दोघांनी त्याच पैशातून पुन्हा रस्त्यालगतचे प्लॉट घेतले आहेत, आणि दर वर्षी तिथून जाताना ते हात लांबवून हद्दी दाखवतात. आमच्या भागात पैसा आला, ही गोष्ट चांगलीच झाली. ठिबक आले, ऊतिसंवर्धित रोपे आली, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीचे पैसे हाती आले की जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरायची, हे माझ्या आईच्या पिढीपासून चालत आले आहे. पण या सगळ्या बोलण्यात, ज्यांच्या खांद्यावरून केळीचा घड बांधापर्यंत येतो त्यांचे नाव मी कधी ऐकले नाही. मीही ते कधी काढले नाही.

माझा सालदार सहा वर्षांपासून माझ्या मळ्यात आहे. तो सातपुड्यापलीकडचा, मध्य प्रदेशातल्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. बायको आणि तीन मुलांसह मोटारीच्या खोलीजवळच्या झोपडीत राहतो. आमच्याकडे सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि आखाजीला संपते. रक्कम आधी ठरते, लागेल तशी उचल दिली जाते आणि न आलेल्या दिवसांचे खाडे वहीत मांडले जातात. त्याचे रेशन त्याच्या गावी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य ठरवून दिले आहे आणि कागदोपत्री ते आता कुठेही उचलता येते, परंतु त्यासाठी अंगठा जुळवायला तो तालुक्याला गेला तर तो दिवसही माझ्या वहीत खाडा म्हणूनच पडतो.

पौषात त्याच्या मधल्या मुलाला ताप आला. तो उतरेना, तेव्हा तो माझ्या ओट्यापाशी आला आणि म्हणाला, "भाऊ, पोराले दवाखान्यात न्या लागते. थोडी उचल द्या." मी वही उघडून आधीची उचल दाखवली. आखाजी तीन-साडेतीन महिन्यांवर आली आहे, आता आणखी दिली तर फिटणार कशी, असे मी त्याला शांतपणे समजावले. मी आवाज चढवला नाही, अपशब्द वापरला नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी मला आपण काही वाईट केले असे वाटले नाही. तो नऊ दिवस कामावर आला नाही. मी नऊ खाडे मांडले आणि दोन हजार सातशे रुपये कापले. त्याच आठवड्यात दिंडीचे लोक पंगतीची वर्गणी विचारायला आले आणि एकवीस हजार मी त्याच ओट्यावर, एका हाती मोजून दिले.

दशमीला दुपारी वरणगावच्या अलीकडे एका मळ्यात पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि वर तूप. बट्ट्या आदल्या रात्रीपासून आमच्या गावच्या आचाऱ्यांनी केलेल्या, तूप घरचे. शेजारच्या बागेत केळी कापणारी टोळी गाडी भरत होती. गडी खांद्यावर घड घेऊन सरीतून बाहेर येत होते, बाया ट्रकमध्ये पाने अंथरून देत होत्या, आणि त्यांची पाच-सात लेकरे आमच्या मांडवाशी येऊन उभी राहिली होती. वाढणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यांना म्हणाले, "दिंडीचे लोक जेवू द्या आधी, मग पाहू." लेकरे दोन पावले मागे सरली.

त्यांच्यातली एक मुलगी मात्र सरली नाही. आठेक वर्षांची असेल. तिच्या फ्रॉकवर केळीच्या चिकाचे डाग होते. हा चीक एकदा कापडावर पडला की काळपट होऊन बसतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. तिने केळीच्या पानाचा एक तुकडा आणला, पंगतीच्या शेवटच्या माणसापासून हातभर अंतर सोडून जमिनीवर मांडला, आणि बोलावून आणलेल्या पाहुण्यासारखी मांडी घालून त्याच्यासमोर बसली. वाढणारा बट्ट्या वाढत वाढत शेवटच्या माणसापर्यंत आला, त्याने तिच्याकडे पाहिले आणि तो तिथून माघारी वळला. वरणाची बादली आली, तीही वळली. मुलीने पान तळहाताने एकदा पुसले. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. त्याच वेळी कर्ण्यावरून आजच्या पंगतीच्या यजमानाचे, म्हणजे माझे, नाव पुकारले गेले आणि लोकांनी "पुंडलिक वरदे" म्हटले.

मी तिच्यापासून वीस पावलांवर हात जोडून उभा होतो. "तिला वाढा," एवढे दोन शब्द पुरले असते. अन्न माझे होते, वाढणारे माझ्या शब्दातले होते. तरीही मी बोललो नाही, आणि का बोललो नाही हे मला तेव्हाही नीट ठाऊक होते. मी मनात बट्ट्या मोजत होतो. ही एक बसली तर बाकीची बसतील, मग टोळीतल्या बाया येतील, आणि आपल्या पंगतीत बट्टी कमी पडली असे गावात बोलले जाईल, असा तो हिशेब होता. पैशाची हाव कशी असते हे मी लोकांच्या बंगल्यांत आणि प्लॉटांत पाहत आलो होतो. ती पुण्याच्या वाटेवरही तशीच मोजणी करते, हे त्या वीस पावलांवर मला दिसले. मुलगी थोड्या वेळाने उठली. जाताना पान तिने तिथे टाकले नाही, बरोबर नेले. पंगत उठल्यावर दोन पातेली बट्ट्या उरल्या. त्या टेम्पोत चढवून रात्रीच्या मुक्कामाला नेल्या.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आमची दिंडी कंजूष नाही. भुसावळपासून कोथळीपर्यंत चहा, केळी, जिलेबी, साबुदाण्याची खिचडी देणारे मंडप हात धरून थांबवतात, इतके की दुपारनंतर माणसे नको म्हणू लागतात. हे सारे अन्न दिले जाते ते माळ घातलेल्यांना, म्हणजे बहुतेक करून ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या आहेत त्यांना. मंडपामागे द्रोण उचलणाऱ्या बाईला कोणी हात धरून थांबवत नाही. वारकऱ्याला घातलेला घास विठ्ठलाला पोहोचतो अशी आपली श्रद्धा आहे आणि ती मी खोटी म्हणणार नाही. पण तो घास फक्त ओळखीच्या कपाळावरचा बुक्का पाहूनच पोहोचतो, हे आपण कधी ठरवले?

त्या रात्री वरणगावच्या मुक्कामी कीर्तनाला मांड्यांची कथा होती. ती मी लहानपणापासून ऐकली आहे. आळंदीत ज्यांना संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकले होते, त्या भावंडांतली मुक्ता भावासाठी मांडे करायला निघाली. मांडे भाजायला मातीचे खापर लागते, ते तिच्या घरी नव्हते. कुंभारवाड्यात ती मागायला गेली, तर विसोबा चाटींनी कुंभारांना आधीच ताकीद देऊन ठेवली होती. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, पैशाचा आणि शब्दाचा वजनदार माणूस. मुक्ता रिकाम्या हाताने परत आली. पुढे ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले, हा चमत्कार सगळे सांगतात. कीर्तनकारांनीही तो रंगवून सांगितला, टाळ्या पडल्या. मी मात्र कुंभारवाड्यातच अडकून राहिलो. सबंध वाड्यात खापरांची चळत लागलेली असणार, आणि त्यातले एक देऊ शकतील अशी कितीतरी माणसे दारात उभी राहून तिला परत जाताना पाहत असणार. त्यांची नावे कोणत्याच कथेत नाहीत. विसोबांना पुढे पश्चात्ताप झाला, ते विसोबा खेचर म्हणून संतपदाला गेले आणि नामदेवांचे गुरू झाले. त्या बघ्यांचे काय झाले, हे कोणी सांगत नाही.

आमच्या खानदेशात आजही खापरावर मांडे होतात. आखाजीला पितरांना घागर भरायची, आमरस आणि खापराचे मांडे करायचे, आणि त्याच दिवशी ओट्यावर बसून सालदाराचा हिशेब पुरा करायचा. माझ्या घरात तीन खापरे आहेत.

एकादशीला पहाटे हरताळ्याच्या वाटेवर आमच्या गावची एक आजी माझ्याशेजारी चालू लागली. नवरा जाऊन वीस वर्षे झाली, निंदणी-खुरपणीवर जगते, दिंडीत एकही वर्ष चुकवत नाही. तिने सहज विचारले, "भाऊ, तुमच्या सालदाराच्या पोराले आता बरं हाये ना?" मी म्हटले, आहे. ती म्हणाली, "व्हायलेच पाह्यजे. बायकोनं हातातलं चांदीचं कडं मोडलं यावलले जाऊन. मी पाचशे दिल्ले, माह्याजवळ तेवढेच व्हते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी काही दिले असणारच असे धरून ती बोलत होती, आणि म्हणून मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने तिने हरिपाठ सुरू केला आणि मला म्हणायला लावला.

दुपारी आम्ही कोथळीला पोहोचलो. मुक्ताईचे वय अवघे अठरा. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, तापीकाठी विजेच्या कडकडाटात ती गुप्त झाली असे आपण मानतो. दर्शनबारीत उभा असताना दर वर्षी मी बागेला भाव आणि मुलांना बरकत मागतो. यंदा गाभाऱ्यात पोहोचलो तेव्हा मला मुखवट्याकडे नीट पाहवले नाही. आळंदीत खापर मागायला आलेली मुलगी तिच्या वयाची, की त्या पान पुसणाऱ्या मुलीच्या वयाची, असा एकच विचार डोक्यात फिरत होता. मागचे लोक पुढे ढकलत होते. मी काहीही न मागता बाहेर आलो.

द्वादशीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाला गेलो. दगडी मंदिराच्या पायऱ्यांशी हतनूरच्या धरणाचे पाणी दूरवर पसरलेले दिसत होते. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले आणि ते पाहून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला. ज्या तुकोबांचे अभंग आम्ही तीन दिवस म्हणत आलो, त्यांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. माझी वही घरी कपाटात होती. महाशिवरात्रीपर्यंत थांबायचे ठरले होते, पण मी त्याच दिवशी एसटीने परतलो.

संध्याकाळी वही घेऊन झोपडीवर गेलो. मुलगा बाहेर खेळत होता, हडकला होता. मी खाडे खोडल्याचे सालदाराला दाखवले आणि पंधरा हजार रुपये त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले नाहीत. नऊ खाड्यांचे किती, ते विचारले. दोन हजार सातशे तेवढे मोजून घेतले आणि बाकीचे माझ्या हातात परत दिले. "भाऊ, आखाजीपासून दुसऱ्या मळ्याले शबद देल्ला हाये," तो म्हणाला. मी थांबण्याचा आग्रह केला नाही. आजीचे पाचशे तो आधीच फेडून मोकळा झाला होता.

त्याच्या बायकोकडे सराफाची पावती होती, ती मी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी यावलला गेलो. कडे सोडवून आणता येईल असे मला वाटले होते. दुकानातल्या माणसाने पावती पाहिली आणि सांगितले की ही मोड आहे, गहाण नाही. वजन अठरा भार, घट वजा, पैसे त्याच दिवशी रोख दिले, चांदी केव्हाच आटवली. मी तेवढ्याच वजनाचे नवे कडे दाखवायला सांगितले. त्याने ट्रेमधून तीन-चार काढून काचेवर ठेवली. त्यातले एक घेऊन मी झोपडीवर गेलो, तेव्हा तिने ते हातात घेऊन फिरवून पाहिले आणि परत दिले. ते तिच्या आईचे होते, तिच्या आईला तिच्या आजीने दिले होते, आणि आतल्या बाजूला दाताने चावल्यासारखी एक खूण होती, असे तिने सांगितले. नवे कडे माझ्या कपाटात वहीशेजारी आहे.