सॅच्युरेशन १००, पण साठा अपुरा

आतड्याला पीळ पडलेला रुग्ण. पोट फुगलेलं, नाकात रायल्स ट्यूब (नाकातून पोटात उतरवलेली नळी), गालभर दाढी आणि तोंडात एकही दात नाही. मास्क न गळता तरच नवल. त्यात रॅपिड सिक्वेन्स, म्हणजे भूल दिल्यापासून श्वासनलिकेत ट्यूब पडेपर्यंत बॅग दाबून श्वास द्यायचा नाही. ऑक्सिजनचा साठा करायचा तो आधीच.

मिनिटाला १० लिटर ऑक्सिजनवर ३ मिनिटं झाली, सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजननं किती भरलंय तो आकडा, १००. "मग थांबलाय कशाला?" सर्जननी विचारलं. थांबलो होतो, कारण एंड-टायडल ऑक्सिजन, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटच्या हवेतला ऑक्सिजन, ६४ टक्क्यांवर अडकला होता. हवा असतो किमान ९०. बॅग जेमतेम हलत होती, कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी) लाट बुटकी आणि सपाट माथा नसलेली. म्हणजे दर श्वासाला मास्कच्या कडेनं खोलीतली हवा आत जात होती. हिमोग्लोबिन काही श्वासांत भरतं, पण साठा होतो फुफ्फुसात, आणि तिथला नायट्रोजन ऑक्सिजनला जागा द्यायला इतक्या सहज हटत नाही. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिली ऑक्सिजन खातं, आणि फुगलेल्या पोटानं फुफ्फुसातली जागा आधीच कमी केलेली.

डोक्याकडची बाजू २५ अंश उचलली. वॉर्डात काढून ठेवलेली कवळी मागवून बसवली, त्यानं गाल भरले. (सैल किंवा अर्धवट कवळी असती तर हे केलं नसतं.) फ्लो १५. मास्क दोन्ही हातांनी धरला: अंगठे मास्कवर, बाकीच्या बोटांनी जबडा उचलून मास्कला भिडवायचा. नुसता मास्क खाली दाबला की हनुवटी मागे सरते. आकडा ७८ झाला आणि तिथेच थांबला. दाढी आणि ट्यूब होतीच ना.

मग मास्कच बाजूला ठेवला. सर्किटला (भूल यंत्राच्या श्वासनळ्यांना) माउथपीस जोडून ओठांत घट्ट धरायला सांगितलं, सहायकानं नाक रायल्स ट्यूबसकट चिमटीत धरलं. ओठांना दाढीची अडचण नसते. बॅग श्वासागणिक फुगू-आकसू लागली, लाटेला माथा आला, ३ मिनिटांत ९१. मळमळणाऱ्या रुग्णाला हे सोसेलच असं नाही. सक्शन चालू ठेवून उशाशी हवंच.

भूल देताना नाकाला प्राँग्ज (नाकपुड्यांत ऑक्सिजन सोडणारी बारीक नळी) लावून १५ लिटर सोडलं आणि जबडा उचलून धरला. घसा बंद असेल तर तो ऑक्सिजन खाली पोचत नाही. गळक्या मास्कखालीही प्राँग्ज उपयोगी पडतात. मास्क नीट बसला असेल तर मात्र त्यांची नळीच फट पाडते. झोप लागताच सहायकानं कवळी काढली, मगच ट्यूब टाकताना घसा दाखवणारा लॅरिंगोस्कोप आत गेला.