पाचगणीचं शिबिर आणि भांड्यांची पाळी

बहाई हा एकोणिसाव्या शतकात इराणात सुरू झालेला, एकच ईश्वर मानणारा धर्म. त्यात पुरोहित नाही. भटजी नाही, मौलवी नाही, पाद्री नाही, कीर्तनकारसुद्धा नाही. ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की, कुणी उठून प्रार्थना म्हटली नाही तर प्रार्थना होत नाही आणि कुणी उठून पातेलं घासलं नाही तर पातेलं तसंच पडून राहतं. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीला भरणाऱ्या आमच्या शिबिरात मला धर्माबद्दल सगळ्यात आधी कळलं ते हे. देव, आत्मा वगैरे पुष्कळ नंतर.

पत्रकावर नाव असायचं ‘विंटर स्कूल’. आमच्या घरात मात्र नुसतं ‘पाचगणी’. “यंदा पाचगणीला किती चकल्या न्यायच्या?” असं आई विचारायची. वडील एसटीत मेकॅनिक होते, सातारा डेपोत. ते बहाई झाले माझ्या जन्माआधी. आई झाली नाही. तिनं वटपौर्णिमा सोडली नाही आणि वडिलांनी ती सोड म्हणून कधी सांगितलं नाही. बहाई लोक कृष्णालाही ईश्वरी अवतार मानतात, बुद्धालाही. त्यामुळे आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला हलायचं काही कारणच नव्हतं. शिबिराला ती दरवर्षी यायची, फराळाचा डबा मांडीवर धरून. वाई सोडून गाडी पसरणी घाटाला लागली की मला मळमळायचं, मग आई आवळासुपारी हातावर ठेवायची आणि डबा आणखी घट्ट धरायची.

पाचगणीत बहाईंची न्यू एरा शाळा १९४५ पासून आहे. मुंबई-पुण्यात इराणी बहाई कुटुंबं त्याच्याही आधीपासून, बरीचशी यझद भागातून आलेली, काहींची हॉटेलं. त्यामुळे आमच्या शिबिरात सातारा-सांगलीकडची धोतरवाली माणसं, पुण्याच्या इराणी आज्या, कुठून कुठून शिकायला आलेली पोरं, असं सगळं एकाच पंगतीत बसायचं. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना ‘अल्लाह-ओ-अभा’ म्हणून थांबायचे, कारण पुढे कोणत्या भाषेत बोलायचं ते ठरलेलं नसायचं. तिसऱ्या दिवशी आज्या मराठीत भाव करायला लागलेल्या असायच्या.

सकाळी दात वाजतील अशी थंडी. सिल्व्हर ओकच्या झाडांतून धुकं खाली उतरायचं आणि आवारात बंब पेटायचा. प्रार्थनेआधी हात-तोंड धुणं हा आमच्याकडे नियम आहे. पाणीच नसेल तर ईश्वराच्या पवित्र नावाचा एक छोटा उच्चार पाच वेळा करायचा, अशीही सोय आहे. आम्हा पोरांना ती फार सोयीची वाटायची. पण नळाला पाणी आहे हे सगळ्यांना दिसत असायचं, त्यामुळे बर्फासारख्या पाण्यात हात घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रोजची अनिवार्य प्रार्थना ज्यानं त्यानं एकट्यानं करायची असते. तिचे तीन प्रकार. सर्वांत छोटी चार-दोन ओळींची, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत एकदा म्हणायची. मोठी दिवसातून केव्हाही एकदा, आणि तिच्यात उभं राहणं, हात वर करणं, वाकणं, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणं, बसणं हे सगळं आलं. पुण्याच्या एक इराणी आजी ही मोठी करायच्या, व्हरांड्याच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून. तोंड इस्रायलमधल्या अक्क्याजवळच्या बहजीकडे, कारण आमच्या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांची समाधी तिथं आहे. पाचगणीहून ती दिशा म्हणजे महाबळेश्वराच्या रस्त्यापासून जरा उजव्या अंगाला, असं वडिलांनी मला शिकवलं होतं. आजींचे गुडघे उठताना कडकड वाजत. आई एकदा न राहवून म्हणाली, “आजी, बसल्या बसल्या म्हटलं तर चालत नाही का?” वय झालेल्यांना, आजाऱ्यांना यातून सूट आहे. आजींना ते ठाऊक होतं. म्हणाल्या, “सूट आहे बाई, सक्ती नाही. इतकी वर्षं हे गुडघे बाजारात जाण्यासाठी वाकले, आता थोडे इथं वाकू देत.” आईला हे उत्तर इतकं आवडलं की तिनं ते साताऱ्यात जिला-तिला सांगितलं.

त्यानंतर सगळ्यांची सकाळची सभा. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी फारसीत गळा मोकळा सोडून, कुणी हिंदीत, कुणी मराठीत. वडिलांची पाळी आली की मी मान खाली घालायचे, कारण ते प्रार्थना स्वारगेटच्या फलाटावरच्या घोषणेसारखी म्हणायचे. पण कुणी हसत नसे. व्यासपीठ नाही, गादी नाही, हार नाही, त्यामुळे चांगलं म्हणणारा आणि वाईट म्हणणारा शेवटी त्याच सतरंजीवर येऊन बसायचा.

न्याहारीनंतर वर्ग. लहानांचा बालवर्ग वेगळा, मोठ्यांचा वेगळा. मला आठवतो तो टेबललँडवरचा. एक निवृत्त मास्तर होते, भूगोलाचे. ते आम्हाला वर पठारावर न्यायचे, तांबड्या मातीनं मोजे रंगून जायचे. मास्तर खाली बसून जांभ्याचा एक खडा उचलायचे, नखानं खरवडून तळहातावर भुकटी दाखवायचे आणि सांगायचे की, हा वरचा थर, याच्याखाली काळा पाषाण, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग एखादं पोर हमखास विचारायचं, “मग देवानं पृथ्वी कधी केली?” मास्तर खूश. बहाई शिकवणीत विज्ञान आणि धर्म एकमेकांशी भांडत नाहीत, आणि भांडले तर तो धर्म नसून अंधश्रद्धा असण्याची शक्यता जास्त, हे ते त्या खड्यावरून सांगायचे. सत्य ज्याचं त्यानं शोधायचं, हेही तिथंच. बहाई आईबापांचं मूल पंधराव्या वर्षी स्वतः ठरवतं, आपण बहाई आहोत की नाही. मी ते ठरवलं तेव्हा वडिलांनी पेढे वगैरे काही वाटले नाहीत. “वाचलंस ना नीट?” एवढंच विचारलं.

पंधरा पूर्ण झाली की उपवासही लागू होतो: मार्चच्या सुरुवातीपासून नवरोजपर्यंत, म्हणजे आमच्या नववर्षापर्यंत, एकोणीस दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, अन्न नाही, पाणी नाही. आणि दहावीची परीक्षा कधी? मार्चमध्येच. आई पहाटे उठून मला बाजरीची भाकरी आणि दही खायला लावायची आणि पुटपुटायची, “तुमच्या देवाला बोर्डाचं वेळापत्रक दाखवायला हवं होतं.” बीजगणिताच्या पेपराला पोटात कावळे ओरडत होते हे खरं. पण दुपारी तीननंतर डोकं एकदम हलकं आणि स्वच्छ होतं, हेही खरं. आजींचे गुडघे मला तेव्हा कळले.

शिबिरातल्या दुपारी भांड्यांच्या. भिंतीवर पाळ्यांचा कागद लागायचा आणि त्यात बाप्यांची नावं बायकांइतकीच असायची. स्त्री-पुरुष समानतेवर त्या काळात पुष्कळ भाषणं व्हायची, पण पाच-सात मळलेल्या पातेल्यांपुढं बसलेले साखर कारखान्यातले काका मी दुसरीकडे कुठंच पाहिले नाहीत. हे काका पूर्वी रोज पिणारे. बहाई झाल्यावर दारू बंद, कारण आमच्यात ती निषिद्धच आहे. त्यांची पहिली वर्षं फार जड गेली म्हणे. शिबिरात सगळ्यांत मोठं पातेलं ते मुद्दाम मागून घ्यायचे. बाही वर सारून, नारळाची शेंडी आणि राख घेऊन, आधी बाहेरचा काळा बुडखा, मग कड, मग आतून गोल गोल. हात थरथरायचे ते घासताना थांबायचे. एकदा मीच त्यांना विचारलं, “काका, दमत नाही का?” म्हणाले, “संध्याकाळ झाली की हाताला काहीतरी लागतं गं.” सेवेच्या भावनेनं केलेलं काम हीही उपासना, असं आमच्या ग्रंथांत आहे. काकांनी ते वाचलं होतं की नाही मला माहीत नाही, वाचता फारसं यायचंच नाही त्यांना.

स्वयंपाकघर आईचं राज्य. बहाई नसलेली बाई बहाई शिबिराच्या मुदपाकखान्यात हुकूम सोडते, याचं कुणालाच काही वाटत नसे. एके दिवशी पिठलं-भाकरी, एके दिवशी आज्यांचा इराणी पुलाव. त्या पुलावाचा तळाला लागलेला खरपूस थर, तहदीग, अख्खाच्या अख्खा परातीत उलटा पाडायचा असतो. तो मोडला तर आज्या हळहळायच्या आणि आम्ही पोरं मनातल्या मनात टाळ्या वाजवायचो, कारण मोडलेले तुकडे तिथल्या तिथं वाटले जायचे.

संध्याकाळी सल्लामसलत. मला वाटतं, शिबिरातलं सर्वांत अवघड काम हेच होतं. विषय साधे असायचे. एका वर्षी नुसत्या अंघोळीच्या गरम पाण्यावर तासभर चर्चा झाली. बंब एक, माणसं ढीगभर. नियम असा की, मुद्दा एकदा मांडला की तो मांडणाऱ्याचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. त्याला धरून बसायचं नाही. आणि निर्णय झाला की विरोधात असणाऱ्यानंही तो मनापासून पाळायचा, मागून कुरकुर नाही. शेवटी एका लहान मुलानं सुचवलं की टेबललँडवर जाणाऱ्यांनी परत आल्यावर अंघोळ करावी. ठरलं. रात्री तो मुलगा “आयडिया माझी होती” म्हणून फिरायला लागला तेव्हा त्याच्या आईनं त्याचा कान धरून नियम पुन्हा ऐकवला.

पैशाचाही एक किस्सा सांगतेच. ऐंशीच्या दशकात दिल्लीचं कमळ मंदिर, म्हणजे बहाईंचं प्रार्थनामंदिर, बांधलं जात होतं. १९८६ मध्ये ते पूर्ण झालं. बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला हे कळलं, तर त्यांनी गल्ल्यातून एकशे एक रुपये काढले आणि आमच्या खजिनदारांना म्हणाले, “पावती फाडा.” बहाई निधीला पैसे फक्त बहाईच देऊ शकतात. खजिनदारांनी हात जोडून नकार दिला. गणपती, नवरात्र, शिवजयंती, सगळ्यांच्या वर्गण्या देऊन कावलेला तो माणूस अवाक झाला. “वर्गणी नको म्हणणारं मंडळ जन्मात पहिल्यांदा बघतोय,” म्हणाला. चिडून त्यानं आमच्या सामानात दोन किलो साखर जास्त टाकली. खजिनदार दुसऱ्या दिवशी जाऊन साखरेचे पैसे देऊन आले.

रात्री गोष्टी. आज्या यझदच्या सांगत. १९०३ साली तिथं बहाईंची कत्तल झाली. त्यांच्या घरात त्या दिवसांबद्दल कुजबुजत बोलत. आम्ही लहान होतो, ऐकता ऐकता झोपून जायचो. पण एका वर्षी झोपलो नाही. जून १९८३ मध्ये इराणमधल्या शिराझला दहा बहाई बायका-मुलींना धर्म सोडला नाही म्हणून फाशी दिली गेली. त्यांतली मोना महमूदनिजाद १७ वर्षांची. तिच्यावरचा एक आरोप, ती लहान मुलांचे वर्ग घेते, हा होता. त्याच साली पाचगणीत आमचा बालवर्ग घेणारी ताई तिच्याच वयाची होती. दुसऱ्या दिवशी तिनं वर्ग घेतला, रोजच्यासारखाच, फळ्यावर फुलं काढून. आम्ही मात्र त्या दिवशी कुणी दंगा केला नाही.

शिबिरात भाऊबीजही व्हायची. शिकायला आलेल्या इराणी मुलांना इथं बहिणी कुठून असणार? आई सगळ्यांना रांगेत पाटावर बसवून ओवाळायची. ओवाळणी म्हणून कुणी पिस्ते दिले, कुणी पेन, एकानं तर टेपची कॅसेट. गंमत अशी की, २०१५ पासून बाब (बहाउल्लाहांच्या आगमनाची वार्ता देणारे) आणि बहाउल्लाह यांचे जन्मदिवस जगभर एकाच पद्धतीनं, नवरोजनंतरच्या आठव्या अमावास्येनंतर लागोपाठच्या दोन दिवशी साजरे होतात. ती अमावास्या बहुतेक वर्षी लक्ष्मीपूजनाचीच निघते, म्हणजे जन्मदिवस येतात पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास. अधिक महिन्याच्या फेरात ते एखाद्या वर्षी नवरात्रात सरकतात, एवढंच. आईला मी हे कॅलेंडर उघडून दाखवलं. ती म्हणाली, “मग मी काय वेगळं करत होते?”

आता शिबिर आटोपशीर झालंय. वर्षभर घराघरांत अभ्यासवर्ग चालतात, त्यामुळे सगळं चार दिवसांत कोंबायची गरज उरली नाही, हे बरंच झालं. स्लाइडवर धडे दाखवतात, टेबललँडला जाणं पावसापाण्यावर सोडून देतात, हे मला तितकंसं आवडत नाही. मास्तरांच्या तळहातावरची भुकटी पडद्यावर कशी दाखवणार? गेल्या खेपेला तरुण मंडळींनी ठराव आणला की स्वयंपाक केटररला द्यावा, म्हणजे सगळ्यांना सत्रांना बसता येईल. मी विरोधात बोलले, जरा जास्तच बोलले. पातेली गेली तर साखर कारखान्यातल्या काकांसारख्या माणसानं शिबिरात करायचं काय, असं विचारलं. तासभर चर्चा झाली. निर्णय असा झाला की, दुपारचं जेवण केटररकडून, रात्रीचं आपण करायचं, आणि पाळ्यांच्या कागदाची जबाबदारी विरोध करणारीनं घ्यावी. कागद मी केलाय. पहिल्या रात्री कांदे चिरायला ठराव आणणारी तिन्ही पोरं आहेत, आणि त्यांच्याबरोबर मी.