तक्त्यातली रेघ

परिषदेतल्या आमच्या सत्राच्या आदल्या रात्री दहाला सहलेखिकेचा मेसेज आला: "घसा पार बसलाय. उद्या माझा भागही तूच मांड." खाली तिच्या स्लाइड्स आणि मुलाखतींचं अख्खं फोल्डर. अठराच्या अठरा मुलाखती, शब्दशः उतरवलेल्या.

मी संख्याशास्त्राचा माणूस. दोन वर्षं आम्ही एकाच प्रकल्पावर आहोत. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना कामावर आधार कितपत मिळतो आणि त्याचा थकव्याशी काय संबंध आहे, हा विषय. प्रश्नावली माझी, मुलाखती तिच्या. बाहेरच्यांना वाटतं, आकडे आणि मुलाखती दोन्ही वापरणारं मिश्र पद्धतीचं संशोधन म्हणजे दोघं शेजारी बसून सगळं मिळून करत असतील. प्रत्यक्षात मी माझी फाइल करतो, ती तिची, आणि निबंध पाठवायची तारीख जवळ आली की दोन्ही तुकडे जोडून मध्ये "यावरून असे दिसते की" घालतो. आम्हीच असे, असंही नाही. या परिषदेत ऐकलेल्या बहुतेक निबंधांची शिवण मागच्या रांगेतूनही दिसत होती.

या क्षेत्रात एक लिहिण्याची रीत आहे, जेनिस मोर्स यांनी 1991 मध्ये मांडलेली. अभ्यासात जी पद्धत मुख्य, तिचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीत लिहायचं आणि दुय्यम पद्धतीचं लहान लिपीत. आमच्या निबंधात मोठी अक्षरं माझी होती. देवनागरीत ही सोय नाही, म्हणून मराठी सारांशात मी माझा शब्द ठळक केला होता. ती काही बोलली नव्हती.

तर रात्री मी वाचायला बसलो. खरं सांगायचं तर त्या मुलाखती मी पहिल्यांदाच वाचत होतो. तिने केलेले कोड (मजकुराच्या तुकड्यांना दिलेली मुद्द्यांची नावं), त्यांचे गट, निवडक अवतरणं, हे सगळं मी पाहिलं होतं. मूळ मजकूर कधीच नाही. पहिल्या पाचसहा वाचून झाल्यावर मी सराईतासारखा पानं उलटायला लागलो होतो. अकरावीत अडकलो.

तिने विचारलं होतं, "तो फॉर्म भरताना काही अडचण आली का?" परिचारिका म्हणते, "अडचण कसली? सगळीकडे मधलंच केलं." का, तर "इन्चार्ज सिस्टर समोर उभ्या होत्या. भरून झाला की त्यांच्याच हातात द्यायचा होता. आणि मधल्या घरात लिहिलेलंच होतं ना, सांगता येत नाही. मग? नव्हतंच सांगता येत."

पाच घरांची मोजपट्टी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये वापरली, तेव्हा मधल्या घराचं नाव 'अनिश्चित' अशा अर्थाचं होतं. आम्ही मराठीत 'सांगता येत नाही' घेतलं. माझ्या मते त्याचा अर्थ होता, "माझं मत नक्की नाही." त्या बाईने ते शब्द जसेच्या तसे वाचले होते, आणि मराठी वाक्य म्हणून तिचंच वाचन जास्त सरळ आहे.

मी लॅपटॉपवर माझी फाइल उघडली आणि तिचा क्रमांक शोधला. सापडला नाही. पुन्हा शोधला. मग लक्षात आलं की ही 'स्वच्छ' केलेली फाइल आहे. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये होती. त्यात ती होती: 22 विधानं, 22 वेळा 3.

इथे जरा धंद्याचं सांगावं लागेल. काही जण प्रश्नावली न वाचता एकाच उभ्या रांगेत खुणा करत जातात. त्यांना पकडायला आम्ही काही विधानं मुद्दाम उलट्या अर्थाची घालतो. "अडचणीत मला मदत मिळते" आणि थोडं पुढे "अडचणीत मी एकटी पडते". दोन्हींना 5 दिले की पितळ उघडं पडतं. गुण देताना उलटं विधान 6 मधून वजा करतात, म्हणजे 5 चा 1 होतो. पण 3 चा 3 च राहतो. सगळीकडे 3 देणारी व्यक्ती दोन्ही बाजूंनी सुसंगतच दिसते, तिला असं पकडताच येत नाही. म्हणून मी दुसरा नियम लावला होता: ज्याच्या 22 उत्तरांचं प्रमाण विचलन शून्य, म्हणजे सगळी उत्तरं एकच, तो फॉर्म बाद. नियम पुस्तकी आहे, त्यावर कुठलाही परीक्षक हरकत घेणार नाही. त्या दिवशी एका ओळीची आज्ञा देऊन मी चहाला गेलो असेन.

मग बाद केलेल्या फॉर्मची यादी काढली आणि ती विभागवार लावली. असं मी आधी केलंच नव्हतं. केर भरल्यावर तो कुठल्या खोलीतला होता, हे कोण बघतं? आकडे इथे देत नाही, निबंध अजून परीक्षणात आहे. पण यादीचा मोठा भाग दोनच विभागांतून आला होता, आणि अकरा नंबरची बाई त्यांपैकी एका विभागातली होती.

आमच्या निबंधात एक तक्ता होता, ज्याला जॉइंट डिस्प्ले म्हणतात. डावीकडे मुलाखतीतला मुद्दा, उजवीकडे त्याच व्यक्तीचे प्रश्नावलीतले गुण. असा तक्ता असला की आयोजक खूश असतात, एकत्रीकरण झाल्याचा पुरावा म्हणून. आमच्या तक्त्यात अकराव्या ओळीत उजवीकडे आडवी रेघ होती आणि खाली टीप: 'माहिती उपलब्ध नाही'. टीप मीच लिहिली होती.

प्रस्तावनेत तर मी मोफॅट आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या लेखाचा संदर्भही दिला होता. ज्येष्ठ नागरिकांना हक्काच्या सरकारी लाभांबद्दल सल्ला मिळाला तर काय होतं, याचा तो अभ्यास. आकड्यांत फरक दिसला नाही, मुलाखतींत मात्र लोक फायदा झाल्याचं सांगत होते. त्यांनी कुठलीच बाजू गाडून टाकली नाही. ही विसंगती तपासायच्या सहा वाटा त्यांनी मांडल्या. तो लेख मी आवडीने वाचला होता आणि मग आपल्या फाइलमधली विसंगती एका आज्ञेने पुसून टाकली होती.

सकाळी आमची पंधरा मिनिटं होती. स्लाइड्स बदलायला वेळ नव्हता. त्या रेघेच्या तक्त्याशी थांबलो आणि रात्री काय सापडलं ते सांगून टाकलं. अध्यक्षांनी 'दोन मिनिटं'ची पाटी दाखवली तेव्हा माझे निष्कर्ष बाकीच होते. ते राहिलेच.

पहिला प्रश्न माझ्याच जातकुळीतल्या गृहस्थांचा. गहाळ माहितीसाठी मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे रिकाम्या जागी अंदाजाचे आकडे अनेकदा भरून हिशोब, का नाही केलं? अहो, गहाळ काय आहे? तिने 22 च्या 22 उत्तरं दिलीत. मग एक बाई उठल्या. आकड्यांवर विसंबायचं नसतं हे आम्ही किती वर्षं सांगतोय, असं म्हणाल्या आणि टाळ्या मिळाल्या. या टाळ्यांचा मला जास्त राग आला. एकट्या मुलाखतीतून काय कळलं असतं? एका बाईची गोष्ट. ती दोन विभागांची गोष्ट असू शकते, हे मूळ आकड्यांनी दाखवलं. पहिल्या दिवशीच्या बीजभाषणात मारिएन्थालचं नाव निघालं तेव्हा याच सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ऑस्ट्रियातलं ते बेकार झालेलं गाव, 1933 मध्ये प्रसिद्ध झालेला याहोडा, लाझार्सफेल्ड आणि झाइझेल यांचा अभ्यास. वर्गणी माफ करूनही ग्रंथालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलेलं. आडोशाला उभं राहून, घड्याळ लावून मोजलेला रस्त्यावरच्या माणसांचा वेग. आणि त्याच चमूतले लोक घरोघरी जाऊन बोलतही होते. तिथे मोठी अक्षरं कोणाची, हा प्रश्न कोणाला पडला असेल असं वाटत नाही.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीचा. "सर, फॉर्म कोणी गोळा केले हे निबंधात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. नमुना कसा निवडला यावर दीड पान होतं. फॉर्म कोणाच्या हातात गेला, यावर एक शब्द नाही. परिचारिकांना त्रास नको म्हणून इन्चार्जमार्फत फॉर्म जमवावेत, ही सूचना माझीच होती. कामही झटपट झालं होतं.

दुपारी सहलेखिकेला फोन केला. तिचा आवाज फुटेना, म्हणून तिने टाइप केलं: "मेमो 7." मुलाखत घेतल्यावर संशोधक स्वतःसाठी जी टिपणं काढतो, त्यांना मेमो म्हणतात. ती ते मला नियमित पाठवायची. जुन्या मेलमध्ये शोधलं. सातव्या मेमोच्या शेवटी लिहिलं होतं, "अकरा नंबरचा फॉर्म जरा बघशील का? अजून कोणी असं केलंय का?" त्याखाली माझं उत्तर, चार मिनिटांनी गेलेलं: "वाचलं. छान. पुढच्या आठवड्यात बोलू."

यावर ती काही म्हणाली नाही. मीही काही म्हटलं नाही.

आता सुधारित मसुदा चालू आहे. बाद फॉर्म परत घेतलेत आणि दोन्ही प्रकारे हिशोब करून शेजारी शेजारी देणार आहोत. फॉर्म कोणी जमवले त्याचा परिच्छेदही झाला. अडलंय ते तक्त्यातल्या त्या एका घरापाशी. मी म्हणतो, तिथे 3 लिहू, तिने दिलेला गुण तोच आहे. सहलेखिका म्हणते, 3 लिहिला तर वाचणारा तो सरासरीत धरणार, तिथे तिचं वाक्य लिही. मी म्हणतो, हा गुणांचा रकाना आहे, यात वाक्य कसं बसणार? रविवारी यावर तासभर फोन झाला. फाइलमध्ये अजून रेघच आहे. खालची टीप तेवढी मी खोडली आहे.