सोळा साखळ्यांवरचा डबा

फोनवरचा बाण गरकन फिरला आणि अंतराच्या जागी शून्य दिसायला लागलं. समोर बघितलं तर माळ. कुसळी गवत, काळे दगड, सीताफळीची झुडपं, आणि पलीकडे एकदम खाली उतरणारी दरी. अंबाजोगाईच्या बाहेर, मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, आम्ही तिघं उन्हात उभे होतो. मी, माझा बारा वर्षांचा पोरगा, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुझा हा फोन किती फुटाची चूक धरतो?"

हा प्रश्न आप्पाच विचारू शकतात. त्यांची सगळी नोकरी भूकरमापक म्हणून गेली. लातूर जिल्ह्यातल्या कुणाकुणाच्या बांधावर ते जमीन मोजायची साखळी टाकून आलेत याचा हिशोब नाही. 1993 च्या भूकंपानंतर नवी गावठाणं वसली, तेव्हाच्या मोजणीतही ते होते. हद्दीचा दगड हुडकणं हे त्यांचं रोजचं काम होतं. मला जिओकॅशिंगचा नाद लागला तेव्हा त्यांना समजावून सांगायला जेमतेम दोन मिनिटं लागली. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीच्यांनी तिथं जाऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच ठेवून यायचं. आप्पा म्हणाले, "म्हणजे दगड गाठायचा आणि नकाशावर सही करायची. कळलं."

या खेळाचा जन्म फार मजेशीर आहे. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवली होती, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटरचा फरक पडायचा. 2 मे 2000 रोजी ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगन राज्यातल्या जंगलात एक काळी बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर सांगितली. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती, बीन्सचा एक बंद डबा होता, आणि वही-पेन्सिल. काही दिवसांतच माइक टीग याने ती शोधून काढली. त्याच महिन्यात खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव मिळालं. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे आहेत. खाण्याची वस्तू मात्र आता डब्यात ठेवू देत नाहीत, वासाने जनावरं येतात म्हणून.

आम्ही सकाळी लातूरहून रेणापूरमार्गे निघालो. दिवाळी होऊन गेलेली, सोयाबीनच्या राशी उरकलेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आलेली. आईने धपाटे आणि दही बांधून दिलं होतं. पहिला डबा वाटेतच एका पुलाजवळ होता, अगदी सोपा, अवघडपणात पाचपैकी दीड. (प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही एक ते पाच.) आम्ही अर्धा तास वाकून वाकून बघितलं. डबा नव्हता. पुलाचं नवं काम झालं होतं, त्यातच तो गेला असणार. पोराचा चेहरा उतरला. पण 'सापडला नाही' अशी नोंद करणं हेही या खेळातलं कामच आहे, ते प्रामाणिकपणे करायचं. अशा नोंदी वाचूनच ठेवणाऱ्याला कळतं की आपला डबा जाऊन बघायला पाहिजे. मी लाजून नोंद न करणारे लोक बघितलेत. त्यांच्यामुळे पुढचे दहा जण त्याच पुलाखाली वाकतात.

अंबाजोगाईतला डबा दोन टप्प्यांचा होता. पहिला टप्पा हत्तीखान्यात, जयंती नदीजवळच्या लेणीत. तिथं काहीच ठेवलेलं नाही आणि ठेवूही नये. फक्त मोजायचं. अमुक इतके हत्ती, तमुक बाजूचे खांब, असे आकडे सूत्रात घातले की दुसऱ्या जागेचे शेवटचे अंक मिळतात. आकडे मी इथं सांगणार नाही. ते ज्याचे त्याने जाऊनच मोजावेत. मी या गावात लहानपणापासून योगेश्वरीच्या दर्शनाला येते, जोगाईचं परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं लग्न मुहूर्त टळल्याने राहिलं आणि वऱ्हाडाचा दगड झाला ही गोष्ट आजीने किती वेळा सांगितली असेल. हे हत्ती त्या वऱ्हाडातले. पण हत्ती मोजायची वेळ या डब्याने आणली. मोजायला लागलं की एकेका हत्तीपुढे थांबावं लागतं. एकाची सोंड तुटलेली. एकाच्या पाठीवर लेकरं बसून बसून दगड गुळगुळीत झालाय, हात फिरवला तर घासलेल्या पाट्यासारखा लागतो. हे मला चाळीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

पोराने मोजलं, मी गणित केलं, आणि आम्ही गेलो ते थेट कुणाच्या तरी तुरीच्या कडेला. आप्पांनी कागद मागून घेतला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण 1,850 मीटर. मिनिटाच्या दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक एकने चुकला की माणूस 185 मीटर भलतीकडे जातो, तिसरा अंक चुकला तर जेमतेम सहा फूट. आमचा पहिलाच अंक चुकला होता. सावलीतला एक हत्ती पोराच्या मोजणीतून सुटला होता. आप्पा त्याला एक शब्द बोलले नाहीत. "माझाही पहिल्या वर्षी एक बांध असाच हुकला होता," एवढंच म्हणाले आणि आम्ही माळाकडे वळलो.

तर तो माळ. मी आप्पांना सांगितलं, मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरचा फरक धरा. कड्याजवळ जास्त, कारण सिग्नल दगडावर आपटून येतो. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत, तिथून इतकं जवळ आणून सोडतात हेच पुष्कळ. आप्पांनी मनात हिशोब केला. "म्हणजे अर्ध्या साखळीच्या आतच आहे." त्यांची साखळी 33 फुटांची. मग त्यांनी फोनकडे बघायचं सोडून दिलं आणि पाठीमागे हात बांधून जमीन बघत हळूहळू फिरायला लागले.

इतक्यात झुडपांमागून आवाज आला, "काय हुडकायलाव वो?"

एक मावशी होत्या, हातात काठी, मागे सात-आठ शेरडं. मी गडबडले. आपल्याकडे माळावर शहरातली माणसं दगड उचकटताना दिसली की लोकांच्या मनात पहिलं काय येतं ते मला माहीत आहे. मावशींनी ते विचारलंच. "गुप्तधन हाय का काय हितं?"

गुप्तधनाच्या नादात मराठवाड्यात किती गढ्या आणि देवळं खणली गेली, किती घरं नासली, हे कुणाला सांगायला नको. 1878 चा कायदा अजून आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणून जिओकॅशिंगमधला एक नियम मला फार मोलाचा वाटतो: परवानगीशिवाय डबा पुरायचा नाही. हुडकणाऱ्यानेही जमिनीला कुदळ लावायची नाही. दगडाच्या कपारीत, मुळांच्या बेचक्यात, पण जमिनीच्या वरच. आणि जागा ज्याची असेल त्याला विचारूनच.

आप्पा पुढे झाले. "गुप्तधन न्हाई ओ मावशी. खेळ हाय. एकानं डबा ठिवायचा, दुसऱ्यानं हुडकायचा. आत नुसती वही असती."

मावशी एकदम हसल्या. "त्यो डबा व्हय! मला काय म्हाईत तुमी बी त्येच्यासाठीच आलाव." पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या घाबरल्या होत्या, कुणी करणी-बिरणी केली की काय म्हणून. मग दवाखान्याच्या कॉलेजातल्या दोन पोरी तो हुडकायला आल्या, त्यांनी उघडून दाखवला. "तवापासून म्या बघती त्याच्याकडं. शेरडांनी दगूड पाडला व्हता, मीच परत बसवला."

पोरगा अधीर झाला. "आजी, कुठंय?"

"मी कशाला सांगू? तुमीच हुडका की." आणि त्या एका दगडावर बसून बघत राहिल्या.

डबा आप्पांना सापडला. त्यांनी नेमकं काय बघितलं ते नंतर सांगितलं. माळावरचा काळा दगड वर्षानुवर्षं एकाच कुशीवर पडलेला असतो. वरच्या बाजूला त्याला पांढरट-हिरवे डाग धरतात, खालची बाजू मातीने लाल राहते. एका कपारीच्या तोंडाशी एक दगड असा होता की त्याची लाल बाजू वर होती. माणसाच्या हाताने ठेवलेला दगड. हद्दीचे हललेले दगड ते असेच ओळखायचे. पोराने दगड अलगद बाजूला केला, आत हात घातला, आणि झाकणाला क्लिपा असलेला एक हिरवा डबा बाहेर आला.

वही प्लास्टिकच्या पिशवीत होती, कोपरे ओलीने फुगलेले. त्या दोन मुलींची सही सापडली, परीक्षा संपल्याच्या दिवसाची. सुट्टीवर आलेल्या एका जवानाने लेकीचं नाव आपल्या नावाआधी लिहिलं होतं. एक पान जर्मन भाषेत होतं, त्यातला 'अंबाजोगाई' एवढाच शब्द आम्हाला लागला. पोराने आमची तिघांची नावं लिहिली. मग मावशींकडे बघून विचारलं, "आजी, तुमचं नाव लिहू?" त्या नको नको म्हणाल्या, आणि पोरगा पेन्सिल धरून तसाच थांबला तेव्हा सांगितलं. डबा ज्याने ठेवला तो पुण्यात राहतो, त्याचं आजोळ इथलं. संध्याकाळी मी त्याला निरोप पाठवला की तुमच्या डब्याला राखणदार आहे. त्याला हे माहीतच नव्हतं. दर सहा महिन्यांनी येऊन बघतो, डबा नेहमी जागेवर कसा, याचं त्याला नवल वाटायचं.

डब्यातून काही घेतलं तर त्याच तोडीचं काहीतरी ठेवायचं असतं. पोराने एक काचेची गोटी घेतली. बदल्यात काय ठेवावं या विचारात तो होता, तेवढ्यात आप्पांनी खिशातून पितळेची एक चपटी खूण काढली. साखळीवर ठरावीक अंतराला लावलेली असते तशी. इतकी वर्षं ती त्यांच्या पाकिटात होती हे मलाही माहीत नव्हतं. बोटांनी पुसून त्यांनी ती वहीवर ठेवली.

धपाटे आम्ही चौघांनी तिथंच खाल्ले. समोर दरी, कड्यात लाव्ह्याचे थर एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मी सांगितलं की नुसते असे खडक बघण्यासाठीही जिओकॅशिंगमध्ये वेगळा प्रकार आहे, त्यात डबा नसतोच. खडक नीट बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. मावशींनी दोन सीताफळं काढून दिली.

परतताना पोराने विचारलं, आपल्या शेताकडेला आपला डबा ठेवता येईल का. म्हटलं, येईल की. नियम वाचून दाखवला: दोन डब्यांमध्ये कमीत कमी 161 मीटर, म्हणजे 528 फूट अंतर पाहिजे. आप्पा खिडकीबाहेर बघत होते, एकदम वळले. "किती फूट?"

"528."

"सोळा साखळ्या," ते म्हणाले. "बरोब्बर सोळा. साखळीचे भाग, म्हणजे आणे, सोळा आणि अंतरही सोळा साखळ्यांचं. आपलीच मोजणी आहे ही."

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी पोराला माळ्यावर चढवलं. गंजलेली साखळी खाली आली, खळखळ वाजत. गेल्या रविवारी दोघांनी तिला तेल दिलं. आता विहिरीजवळच्या उंबरापासून मोजणी सुरू होणार आहे.