एक दिवसाचा रिफ्रेशर आणि गुरुवारचा पाऊण तास

रुग्णालयाच्या फार्मसीत खिडकीच्या आत उभे राहून औषधे देणाऱ्या आम्हा माणसांना रुग्णांचे नातेवाईक सरसकट ‘मेडिकलवाले’ म्हणतात, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ब्रिटनमध्ये फार्मसी टेक्निशियनची, म्हणजे फार्मसिस्टच्या हाताखाली औषधे देणाऱ्या मदतनिसाची, २०११ पासून स्वतंत्र आणि सक्तीची नोंदणी होते. आपल्याकडच्या १९४८ च्या फार्मसी कायद्याला मात्र फक्त नोंदणीकृत फार्मसिस्ट ठाऊक आहे. त्यामुळे नुकताच डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) होऊन आलेला मुलगा नोंदणी हातात पडताच कागदोपत्री पूर्ण तयार ठरतो, आणि त्याला पुढे घडवायचे कोणी, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. आमच्याकडे रुजू झालेल्या बहुतेकांनी ते घराजवळच्या औषधाच्या दुकानात पूर्ण केलेले होते. तेथे चिठ्ठी वाचून स्ट्रिप काढायला हात बसतो. पण रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागातून आलेला इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, पाहून ‘सिस्टर, हा डोस दिवसाचा की आठवड्याचा?’ असे विचारण्याचे धैर्य येत नाही. मेथोट्रेक्झेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेल्यास ते जिवावर बेतू शकते, हे पुस्तकात वाचलेले असूनही इंडेंट समोर आला की नेमके आठवत नाही.

नोंदणी चालू ठेवण्यासाठी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी पाच वर्षांत किमान दोन, प्रत्येकी किमान एका दिवसाचे रिफ्रेशर कोर्स ठरवून दिले आहेत. नियम चांगला आहे. मी गेलेल्या एका वर्गात मात्र वक्त्यांनी दिवसभर स्लाइड जशाच्या तशा वाचून दाखवल्या, जेवण उत्तम होते, आणि संध्याकाळी प्रमाणपत्रासाठी रांग लावून आम्ही घरी परतलो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्याच स्टोअरमध्ये दर गुरुवारी दुपारी पाऊण तास बसायला सुरुवात केली. पहिला विषय इन्सुलिनचा होता, कारण त्याच आठवड्यात एक घोटाळा थोडक्यात टळला होता. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. चाळीसच्या व्हायलमधून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाला प्रत्यक्षात आठच युनिट मिळतात. उलट शंभरच्या व्हायलला लाल टोपणाची सिरिंज वापरली, तर वीसच्या जागी पन्नास युनिट जातात आणि रुग्णाची साखर धोकादायकरीत्या उतरते. हे गणित मी फळ्यावर मांडले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पण रिकाम्या व्हायलमध्ये पाणी भरून प्रत्येकाला ते दोन्ही सिरिंजनी ओढायला लावले, तेव्हा कुठे ती गोष्ट पटली. आता व्हायल आणि सिरिंज आम्ही एकाच पिशवीत, ताकद जुळवून देतो.

त्यानंतर फ्रीज झाला. दोन ते आठ अंश सेल्सिअसची नोंद दिवसातून दोनदा करायची हे सर्वांना माहीत होते, परंतु गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी ते टाकूनच द्यायचे, हे अर्ध्या लोकांना नवीन होते. सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या उच्चाराच्या औषधांचे खण वेगळे करणे, तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल वॉर्डात सुट्या न ठेवणे, हे ओघानेच आले.

सर्वांत अवघड गेली ती चुकांची वही. रुग्णापर्यंत न पोहोचलेली चूकही त्यात लिहायची, नाव मात्र लिहायचे नाही, असे ठरवले, तरी पहिले दोन महिने वही कोरीच राहिली. शेवटी मीच माझ्या अक्षरात माझी चूक लिहिली: एकाच औषधाच्या ५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांमध्ये झालेली गफलत. पुढच्या आठवड्यात वहीत चार नोंदी होत्या, आणि त्यांतल्या दोन अक्षरावरून मी ओळखल्या. पण तसे मी कोणालाही बोलून दाखवले नाही.

औषधाचे दुष्परिणाम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे कळवण्याचा फॉर्म फार्मसिस्टही भरू शकतो, हे आमच्या मुलांना अजून खरे वाटत नाही. येत्या गुरुवारी तोच विषय आहे, आणि भरायला कोरे फॉर्म मी आजच छापून ठेवले आहेत.